नैरोबीत धरलेल्या चार जागा

नैरोबीला जायचं तर पिवळ्या तापाची लस टोचून घ्यावी लागते, हे मला आनंदरावांकडून कळलं, आणि आम्ही नैरोबीला जाणार हे आनंदरावांकडून सगळ्या भोरला कळलं. आनंदराव आमचे शेजारी. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून दुसऱ्यांच्या प्रवासाची काळजी करणं हा त्यांचा पूर्णवेळ उद्योग आहे. मी ही गोष्ट फक्त त्यांना, तीही आवाज खाली घेऊन सांगितली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्यानं माप ओतता ओतता विचारलं, "काय शफीभाई, टोचून आला का?"

गोष्ट तशी साधी होती. आमची एकुलती एक मुलगी गुलनाज तीन वर्षांपासून नैरोबीत, पाण्याच्या पाइपलाइनी टाकणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. करार संपत आला तसा कंपनीनं आणखी तीन वर्षांचा कागद पुढं केला. गुलनाज फोनवर म्हणाली, "अब्बा, तुम्ही आणि अम्मी इकडं या. आठ दिवस राहा, शहर नीट बघा. तुम्ही हो म्हणालात तरच मी सही करणार." आता याला काय उत्तर द्यायचं? मी जायचं ठरवलं, आणि तिथं जाऊन नाही म्हणायचं हेही त्याच मिनिटाला ठरवलं. मला मुलगी घरी हवी होती. पुण्यात काय पाइपलाइनी नाहीत? भोर ते स्वारगेट दीड-दोन तास. शनिवारी यावं, सोमवारी सकाळी जावं. हा हिशोब मी झुबेदाला, म्हणजे आमच्या कुटुंबाला, दिवसातून दोनदा समजावून सांगत होतो आणि ती दोन्ही वेळा "व्हय" म्हणून कणीक मळत होती. मला वाटलं, तिलाही पटतंय.

पासपोर्टसाठी पोलिसांची चौकशी झाली. चौकशीला आलेले हवालदार भले गृहस्थ होते. पण त्यांनी माझ्याबद्दल विचारायला नेमकं समोरच्या रतनबाईंचं दार ठोठावलं. रतनबाई म्हणाल्या, "मानूस लई चांगला हाय, पन बसत न्हाई. सारका फिरत आसतो." हवालदारांनी पेन थांबवलं. सारखा फिरत असतो म्हणजे कुठं, कुणाबरोबर, कशासाठी? मी मध्ये पडलो आणि सांगितलं की साहेब, मी अंगणात फिरतो. एसटीत बत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून. वेल्ह्याची गाडी लागली का, आंबवड्याची सुटली का, हे बघत दिवसभर उभा राहणारा माणूस निवृत्तीनंतर एकदम खुर्चीत कसा बसेल? हवालदारांना ते पटलं. तरी जाताना त्यांनी आमच्या अंगणावर एक नजर टाकलीच.

लस टोचायला पुण्याला गेलो. मी सकाळी सातला हजर, दार उघडणार दहाला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझं वय विचारलं. साठ वर्षं दोन महिने, असं सांगताच ते गंभीर झाले. म्हणाले, साठच्या पुढच्यांना ही लस जरा जपून द्यावी लागते. "काका, जायलाच पाहिजे का?" दोन महिन्यांपूर्वी आलो असतो तर हा प्रश्नच आला नसता. माझी तब्येत दाखवावी म्हणून मी त्या खोलीत भराभरा चार फेऱ्या मारल्या. ते बघून त्यांनी आधी ब्लडप्रेशर तपासलं. शेवटी लस मिळाली, पिवळं कार्ड मिळालं, आणि परतताना झुबेदा नसरापूरपर्यंत तोंडाला पदर लावून हसत होती.

सल्ल्यांना तर तोटाच नव्हता. आनंदराव म्हणाले, "शफीभाई, आफ्रिका म्हंजी भट्टी. सुती कपडे घ्या. सुटर बिटर नेऊन हसं करून घेऊ नका." रतनबाई म्हणाल्या, "पोरीसाटी आमच्यातला इंद्रायणी न्या, आन तिच्या लग्नाचं तेवढं बघा." मी तांदूळ घेतला, सुती कपडे घेतले, लग्नाचं ऐकून घेतलं. सगळे कागद एका काळ्या रेक्झिनच्या पिशवीत घातले: दोन्ही पासपोर्ट, पिवळी कार्डं, परतीची तिकिटं. आनंदरावांच्या सांगण्यावरून सगळ्याच्या झेरॉक्सही काढल्या आणि सुरक्षित राहाव्यात म्हणून त्याच पिशवीत ठेवल्या. ती पिशवी पुढं रात्रंदिवस माझ्या काखेत होती.

आम्ही गेलो जुलैत. नैरोबी साडेपाच-सहा हजार फुटांवर आहे, आणि जुलैत तिथं आपल्या डिसेंबरसारखी थंडी असते, हे आनंदरावांच्या माहितीत नव्हतं. विमानतळातून बाहेर पडलो आणि माझे दात वाजायला लागले. गुलनाजनं आपलं जाकीट काढून मला घातलं. ते जांभळ्या रंगाचं होतं, त्याला टोपडं होतं आणि टोपड्याला गोंडे होते. पुढचे आठ दिवस मी त्याच अवतारात होतो. फोटो काढू नका असं मी बजावलं होतं. झुबेदानं ते रोज भोरला पाठवले.

पहिले पाच दिवस गुलनाज कामावर जायची आणि मी तिच्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत येरझारा घालत नाही म्हणायची तयारी करायचो. शब्द कडक हवेत पण तिला लागायला नकोत, असं वाक्य काही जमत नव्हतं. शनिवारी तिनं दिवसभराची शहराची सहल ठरवली. सोमवारी सकाळी आमचं विमान होतं, आणि सोमवारीच तिला कंपनीला उत्तर द्यायचं होतं. म्हणजे जे काय व्हायचं ते या शनिवारी. गुलनाजच्या चेहऱ्यावर दहावीच्या निकालाच्या दिवशीचा भाव होता. तरी मी पक्का होतो.

आमच्या गाइड होत्या ग्रेसबाई. पन्नाशीच्या, ठेंगण्या, हातात लाल छत्री. पूर्वी त्या एका गुजराती कापडवाल्याच्या दुकानात कामाला होत्या, त्यामुळं त्यांना कामापुरतं हिंदी यायचं. त्यांनी मला "म्झी" अशी हाक मारली. गुलनाज म्हणाली, वडीलधाऱ्या माणसाला तसं म्हणतात. बाई मला आवडल्या. मग मी खिशातून माझं वेळापत्रक काढलं. आठ ठिकाणं, प्रत्येकाची पोचण्याची आणि सुटण्याची वेळ, मध्ये चहाला दहा मिनिटं. ग्रेसबाईंनी ते दोन्ही बाजूंनी बघितलं, कौतुकानं घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, "पोले पोले, म्झी." म्हणजे सावकाश. त्या दिवसात त्या हे मला चाळीस वेळा तरी म्हणाल्या असतील.

एका उंच इमारतीच्या गच्चीवर गेलो. ग्रेसबाई छत्रीनं दाखवत होत्या: ती संसद, ती मशीद, ते तिकडं जंगल, त्यात सिंह आहेत. शहराला लागून जंगल! झुबेदा हरखून गेली. मी दुसऱ्या बाजूला वाकून बघत होतो. खाली शेकडो रंगीत बसगाड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या.

"ह्यो स्टँड कुठला?" मी विचारलं.

"अब्बा, सिंह तिकडं आहेत," गुलनाज म्हणाली.

"सिंव्ह आसूदे. ह्या गाड्या कोन सोडतं? वेळापत्रक काय हाय?"

ग्रेसबाईंनी सांगितलं, याला मटाटू म्हणतात, वेळापत्रक नसतं, गाडी भरली की सुटते. ऐकून मला खरंच बेचैन वाटायला लागलं. पुढं रेल्वेच्या संग्रहालयात जुनी इंजिनं दाखवली, आपल्याकडून गेलेल्या मजुरांनी ती लाइन टाकली म्हणे. एरवी मी तिथं दोन तास रमलो असतो. पण आम्ही वेळापत्रकाच्या एक तास दहा मिनिटं मागं होतो, आणि माझं निम्मं लक्ष घड्याळात आणि निम्मं त्या स्टँडमध्ये अडकलं होतं.

जिराफ बघायला जाताना आमची व्हॅन गर्दीत अडकली, तापली आणि वाफ सोडून थांबली. ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं तेव्हा मी सल्ला द्यायला उतरलो. गुलनाजनं मला जाकिटाच्या टोपड्याला धरून मागं ओढलं. ग्रेसबाई म्हणाल्या, काही हरकत नाही, दहा मिनिटं चालू, स्टँडवरून मटाटू पकडू. जिराफांचं ठिकाण पाचला बंद होतं, आत्ता अडीच वाजलेत, पोले पोले.

स्टँडवर आल्यावर मला एकदम घरच्यासारखं वाटलं. तोच धूर, तोच आरडाओरडा, तेच दारात लोंबकळून गावांची नावं ओरडणारे कंडक्टर. आमच्या लाइनीच्या गाडीला ही रांग लागली होती. ग्रेसबाई रांगेत उभ्या राहिल्या. मी हसलो. बत्तीस वर्षांचा अनुभव असा वाया घालवायचा नसतो. गर्दीत घुसणं हे नवख्याचं काम, जाणता माणूस पुढची लागणारी गाडी ओळखतो. मागं एक रिकामी गाडी हळूहळू सरकत होती. तिच्या अंगावर चष्मा घातलेला मोठा सिंह रंगवला होता. झालं, हीच लागणार. मी खिडकीखाली गेलो आणि स्वारगेटला हजार वेळा बघितलेलं काम केलं. एका सीटवर रुमाल टाकला. दुसऱ्या सीटवर डोक्याची टोपी. उरल्या दोन जागा, त्यासाठी जरा भारदस्त वस्तू हवी. पिशवी दोन सीटं धरते. मी काखेतली पिशवी काढली आणि खिडकीतून अलगद आत सोडली.

"या इकडं! चार जागा धरल्यात!" मी मोठ्या अभिमानानं ओरडलो आणि वळसा घालून दाराकडं निघालो. दार मला सापडलंच नाही. गाडी गेली होती. ती आमच्या लाइनीची नव्हतीच, दुसऱ्या स्टँडवर भरायला निघाली होती. कर्णा वाजवत, गाणं दणाणत, सिंह वळणावर दिसेनासा झाला. जन्मभर मी गाडीमागं धावणाऱ्यांना ओरडत आलो. आता मी जांभळ्या टोपड्याचे गोंडे उडवत नैरोबीच्या रस्त्यात धावत होतो, आणि एक माणूस मला ओरडत होता.

गुलनाज धापा टाकत आली. "अब्बा, काय होतं पिशवीत?"

"सगळं."

"झेरॉक्स?"

"त्याबी त्यातच."

झुबेदा म्हणाली, "अवो, रुमालानं भागलं नसतं का?"

चौकीवर गेलो. हरवल्याचा दाखला घ्यायचा तर वस्तू कुठं हरवली ते लिहावं लागतं. मी म्हणालो, "हरवली न्हाई, म्या ठिवली." गुलनाजनं ते तिथल्या भाषेत सांगितलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणजे या म्झींनी स्वतःच्या हातानं पासपोर्ट अनोळखी गाडीत टाकले? कशासाठी? जागा धरायला. गुलनाज दोन मिनिटं काहीतरी समजावत होती, मध्ये हवेत रुमाल टाकल्याची खूण करत होती. साहेबांनी आतून आणखी दोघांना बोलावलं आणि तिला पहिल्यापासून परत सांगायला लावलं. तिघंही पोट धरून हसले. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिलो. शेवटी साहेबांनी विचारलं, गाडीचा नंबर आहे का? इथं सिंहाच्या गाड्या पन्नास असतील.

"तीनशे अठरा," मी कॅलेंडरवरची नजर न काढता म्हणालो. "मागचा डावा दिवा फुटलेला. पुढच्या उजव्या चाकात हवा कमी हाय." गाडी डोळ्यांसमोरून गेली आणि मी नंबर वाचला नाही, असं माझ्या आयुष्यात झालेलं नाही. साहेब हसायचे थांबले.

त्या नंबरावर आम्ही परत स्टँडवर आलो. तिथं एका लाकडी बाकावर वही घेऊन बसलेला पांढऱ्या केसांचा एक माणूस होता. नाव ओटिएनो. गाड्या तोच सोडत होता. म्हणजे कुणीतरी सोडत होतं, हे कळून मला पहिल्यांदा जिवात जीव आल्यासारखं झालं. त्यानं फोन लावला. तीनशे अठरा शहराबाहेरच्या लाइनीवर गेली होती, यायला दोन तास लागतील. जिराफ गेले. ग्रेसबाई म्हणाल्या, "पोले पोले," पण आता त्यांचाही आवाज जरा पडला होता.

ते दोन तास मी कसे काढले ते मलाच ठाऊक. बाकावर बसायचो, उठायचो, वळणापर्यंत जायचो, परत यायचो. ओटिएनो माझ्याकडं बघत होता. मग तोही उठला आणि माझ्याबरोबर चालायला लागला. मला त्याची भाषा येत नव्हती, त्याला माझी. त्यानं वही दाखवली, मी डोकावलो: गाडी, ड्रायव्हर, सुटण्याची वेळ. रकाने तेच होते. एका जागी त्यानं ओळ चुकवली होती, मी बोट ठेवलं, त्यानं खोडून नीट केलं.

झुबेदानं आपल्या खांद्यावरच्या पिशवीतून धपाटे आणि लसणाची चटणी काढली आणि त्या सगळ्या बाकाला जेवायला घातलं. गुलनाज एका कंडक्टरशी भांडत होती, दुसऱ्याला हसवत होती. शेंगा विकणारी एक बाई येऊन तिच्या गळ्यात पडली, "अम्मी आल्या का" असं काहीतरी विचारून झुबेदाच्याही गळ्यात पडली. भोरमध्ये आमची मुलगी चारचौघांत मान खाली घालून बोलायची. इथं तिचा आवाज पार रस्त्यापलीकडं जात होता.

ग्रेसबाईंनी मला ओटिएनोचं बोलणं हिंदीत सांगितलं. गुलनाज रोज सकाळी सात दहाला इथूनच कामावर जाते. तिला उशीर झाला तर ड्रायव्हर कुरकुरतो, पण हा गाडी दोन मिनिटं थांबवतो. तीन वर्षांपूर्वी नवी आली तेव्हा पाऊस होता, ती चुकीच्या गाडीत बसून रडत परत आली होती. तेव्हापासून तो तिच्यासाठी पुढची सीट ठेवतो.

मी ओटिएनोकडं बघितलं. बत्तीस वर्षांत मी कितीजणांच्या मुली भोरच्या गाडीत नीट बसवून दिल्या असतील. माझी कोण बसवून देत असेल, या एका विचारानं मी तीन वर्षं अंगण झिजवलं होतं. खरं सांगतो, मला तिथं रडू आलं. जाकिटाचं टोपडं त्या दिवसात पहिल्यांदा उपयोगी पडलं.

पावणेसहाला तीनशे अठरा आली. पिशवी ड्रायव्हरच्या सीटखाली होती, रुमाल तिला बांधलेला, टोपी कंडक्टरच्या डोक्यावर. त्यानं सगळं परत दिलं आणि मला बराच वेळ काहीतरी सुनावलं. गुलनाजनं त्याचं भाषांतर केलं नाही आणि मीही मागितलं नाही.

घरी जाताना ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "तुम्ही शहर बघितलंच नाही, अब्बा. आठातली दोन ठिकाणं झाली." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण दिवसभरात इतकी शोभा झाल्यावर लगेच हरल्याचं कबूल करायला मन धजेना. रविवार मी गॅलरीत फेऱ्या मारण्यात काढला.

सोमवारी विमानतळावर, सामान देऊन झाल्यावर, मी घसा साफ केला. "गुल, त्यो कागद. सही कर तू. तीन वर्षं तर तीन वर्षं."

गुलनाजनं झुबेदाकडं बघितलं. झुबेदानं छताकडं.

"झालीय सही, अब्बा," गुलनाज म्हणाली. "मे महिन्यातच."

मे महिन्यात माझा पासपोर्टसुद्धा निघाला नव्हता. "आन मला हिकडं कशाला आनलं मग? टोचून घिऊन?"

"तुम्ही तोंडानं हो म्हणावं म्हणून. नाहीतर मला इथं झोप लागली नसती."

"आन म्या न्हाई म्हनलो आसतो तर?"

"तर म्होरच्या साली परत आनलं आसतं," झुबेदा म्हणाली. "त्यो सल्ला मीच दिल्ता पोरीला."

मी दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. चौदा वर्षं माझ्या शिट्टीशिवाय भोरची गाडी हललेली नाही, आणि इथं गाडी सुटून दोन महिने झाले होते. आमच्या विमानाची सूचना झाली. मग मी सरळ उभा राहिलो, जांभळ्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावली आणि म्हणालो, "बरं. तरी माजी परवानगी हाय."

"हो, अब्बा," गुलनाज म्हणाली आणि त्या एवढ्या गर्दीत माझ्या गळ्यात पडून लहान असताना रडायची तशी रडली.